उजवीकडून आलेली रेघ

१

सकाळी आठ वाजता मुंजाजी पाईकराव खोलीची पूर्वेकडची खिडकी उघडायचा आणि दक्षिणेकडची लावून घ्यायचा. उजेड एकाच बाजूने यावा आणि तोही तिरपा, हा कलकत्त्याच्या सेनबाबूंनी शिकवलेला पहिला धडा. मग टेबलावरचं फडकं काढायचं, भिंगं पुसायची आणि काल पाहिलेला कागद आज पहिल्यांदाच बघतोय असं समजून पुन्हा बघायला घ्यायचा. हिंगोलीच्या कचेरीमागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर ही खोली होती. दहाला गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायला लागे. म्हणून बारीक काम त्याच्या आत उरकावं लागायचं.

खाली दळण ठेवून लोक वर डोकावत. कुणी विचारी, डॉक्टर कधी येतात. कुणी सरळ तळहात पुढे करून पोरीच्या लग्नाचा योग विचारी. मुंजाजी हसून सांगे, मी हात बघत नाही, हाताने लिहिलेलं बघतो. सही खरी की खोटी, एवढंच मला कळतं.

तो जवळा बाजारचा, मजुराचा मुलगा. दहाव्या वर्षी औरंगाबादच्या वसतिगृहात गेला, तिथून नागपूरला, आणि शेवटी दोन वर्षं कलकत्त्यात सेनबाबूंच्या हाताखाली. तिथेच नोकरी चालून आली होती, पण तो परत आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्या वस्तीने आपल्या घासातली ज्वारी वसतिगृहात पोचवून आपल्याला शिकवलं, त्या वस्तीलाच लोक कागदावर फसवतात. मग ही विद्या तिथे नाही तर कुठे राबवायची? हे बोलताना त्याचा आवाज चढायचा. तांड्यातून शिकून वकील झालेले वसराम राठोड त्याला चिडवायचे, "पाईकराव, कोर्टात भाषण नको बरं का. नुसत्या रेघोट्या दाखवा."

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर वसरामभाऊंनीच तो कागद आणला. कोर्टाच्या परवानगीने मूळ कागद चार दिवस मिळाला होता. पुसेगावच्या अलीकडे ओढ्याकाठी बौद्धांची वस्ती होती, तिथल्या भागूबाईचा तो संमतीलेख. नवरा ग्यानोबा वारल्यावर त्याच्या शेतातला आपला हक्क मी राजीखुशीने दीर शेषराव यांच्या नावे सोडते, असा मजकूर आणि खाली सही. भागूबाईचं म्हणणं, ही सही माझी नाही. ती तिचीच ठरली तर शेत जाणार, शेतातलं घर जाणार आणि पन्नाशी उलटलेली बाई भावाच्या दारात जाऊन बसणार.

"अंगठा असता तर तुमची गरजच नव्हती," वसरामभाऊ म्हणाले. "पण त्या वस्तीत कुणी अंगठा लावत नाही. शपथ आहे त्यांची."

मुंजाजीने सही भिंगाखाली घेतली. अक्षरं हळू, जपून काढलेली होती, लिहिलेली नव्हती. मधेच थांबून पुन्हा टेकवलेल्या निबाचे दोन ठिपके होते. माथ्यावरची रेघ सगळे काढतात तशी डावीकडून उजवीकडे. शंका घ्यायला जागा होती, पण पुरावा म्हणावा असं काही नव्हतं. भागूबाईच्या नमुन्याच्या सह्या लागणार होत्या.

२

ती दुसऱ्या दिवशी साडेआठलाच आली. हातात पिशवी, पायात धूळ आणि डोळ्यांत चेष्टा. संधिवाताने तिच्या उजव्या हाताची बोटं वाकडी झाली होती. मुंजाजीने रीतीप्रमाणे दहा कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या. एकेक पुढे ठेवायची, सही झाली की उचलून पालथी घालायची, म्हणजे माणूस आधीच्या सहीवर बघून लिहीत नाही. तो प्रत्येक चिठ्ठी उजेडात धरू लागला तशी ती म्हणाली, "काय बघून राहिला रे लेकरा एवढं? सही हाय ती, लुगडं न्हाई."

तिसऱ्या चिठ्ठीला त्याच्या लक्षात आलं आणि तो खुर्चीत पुढे सरकला. भागूबाई अक्षरं डावीकडून लिहीत होती. पण सगळी अक्षरं झाली की पेन उचलून उजव्या टोकाला टेकवायची आणि माथ्यावरची रेघ उजवीकडून डावीकडे ओढायची.

त्याने कारण विचारलं. हैदर मास्तरांची शिकवण, ती म्हणाली. मास्तर निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, मराठी मागून शिकले. अक्षरं मराठीसारखी काढायला त्यांनी हाताला लावलं, पण रेघ ओढायची वेळ आली की हात आपला जुन्या वळणाने उजवीकडूनच निघायचा. पुसेगावच्या शाळेतून सुटल्यावर संध्याकाळी ते वस्तीवर यायचे आणि मोठ्या माणसांना शिकवायचे. दोन वर्षांत वस्तीतल्या चौतीस जणांना सही आली. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून अंगठ्याच्या शाईचा डबा ओढ्यात फेकला आणि पुन्हा अंगठा लावायचा नाही अशी शपथ घेतली.

"आमाला वाटलं, सारी दुनिया तशीच रेघ वढते," ती हसली. मग तिने वाकड्या बोटांकडे पाहिलं. "त्या टायमाला आमचा हात कुणी धरत नव्हतं, लेकरा. पानी बी वरून वतायचे. अन् ह्या मानसानं पहिल्याच दिशी आमचा हात हातात घेतला. धरून गिरवून घेतलं. अजून धरतेत."

मुंजाजीला भरून आलं. हे शेवटचे दोन शब्द त्याने म्हाताऱ्या माणसाच्या कृतज्ञतेचे म्हणून ऐकले आणि तसेच मनात ठेवले.

खटला जिंकल्यातच जमा होता. खोटी सही करणाऱ्याने अक्षरांची नक्कल केली, पण रेघ कुठून निघते हे वाळलेल्या शाईच्या सहीवरून उघड्या डोळ्यांनी कळत नाही. भिंगाखाली कळतं. निब टेकतो तिथे ठिपका धरतो, उचलताना बारीक शेपूट राहतं, आणि कागदाचे तंतू ओढल्या दिशेला झोपतात. संमतीलेखावरचे तंतू उजवीकडे झोपलेले होते.

जाताना भागूबाईने शेवटची, दहावी सही केली. अक्षरं लिहिताना तिने दात आवळले होते, कपाळावर आठ्या होत्या. रेघेच्या वेळी मात्र ती खिडकीबाहेर, गिरणीच्या पत्र्यावर बसलेल्या कबुतराकडे बघत होती. रेघ सरळ गेली.

मुंजाजीने तिचं कोपर पाहिलं होतं. ते हललं नव्हतं.

३

तो दिवसभर त्या दहा चिठ्ठ्यांपाशी बसला. आधी वाटलं, आपण उगाच बारकावे काढतोय. चार बोटं लांबीची रेघ ओढायला कोपर हलावं लागतं, निदान मनगट तरी. पण वयस्कर माणसं कशी कशी लिहितात, त्याला काही नेम नाही.

मग त्याने अक्षरं आणि रेघ वेगवेगळी तपासली.

अक्षरांत थरथर होती, पण ती सांध्यांची. सांधा अडला की निब अडखळलेला, मग एकदम सुटलेला. कुठे मोठा झटका, कुठे लहान. रेघेतही थरथर होती. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती, भिंगाखाली दिसत होती. बारीक, एकसारखी, हातशिलाईच्या टाक्यांसारखी. बोटभर रेघेत मोजून आठ लाटा. दहाही चिठ्ठ्यांवर आठच.

एका हाताला दोन तऱ्हेचे कंप नसतात. निदान एका सहीत नसतात.

गिरणी, त्याला वाटलं. टेबल थरथरलं असेल. पण सह्या झाल्या तेव्हा गिरणी बंद होती. तरी खात्री म्हणून तो दुसऱ्या सकाळी दहानंतर स्वतः त्याच टेबलावर रेघा ओढत बसला. गिरणीच्या थरथरीने आलेल्या लाटा ओबडधोबड होत्या, त्यांचा मेळ बसेना.

वसरामभाऊंनी भागूबाईच्या जुन्या, दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या सह्या जमवल्या होत्या. शाळा समितीचा ठराव, विहाराच्या सभेचं कागदपत्र, एक अर्ज. एकसष्ट, पासष्ट, एकोणसत्तर, बहात्तर या सालांतल्या चार सह्या त्याने ओळीने मांडल्या. अक्षरं तिच्या आयुष्यासारखी बदलत गेली होती. एकसष्टला बोजड, पासष्टला ठाम, एकोणसत्तरला सफाईदार, बहात्तरला दुखऱ्या बोटांची. रेघेत फारसा बदल नव्हता. शिकाऊ बाईच्या बोजड अक्षरांवर एकसष्ट साली सराईत माणसाची रेघ होती. एकोणसत्तरपर्यंत ती तारेसारखी सरळ राहिली. बहात्तरमध्ये पहिल्यांदा तिच्यात हलकीशी लाट उठली होती.

त्याने वसरामभाऊंना निरोप दिला की वस्तीतल्या आणखी शिकलेल्या माणसांच्या सह्या एका कागदावर हव्यात. कारण दिलं ते खरंच होतं. रेघ उजवीकडून काढण्याचा रिवाज कोर्टाला दाखवायचा आहे.

चौथ्या दिवशी कागद आला. बेबीबाई, सोनाजी, जिवनबाई, असे अकरा जण. सोनाजी पस्तिशीतला गवंडी, जिवनबाई सत्तरीची. मुंजाजीने सकाळच्या उजेडात कागद धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. अक्षरं अकरा माणसांची होती. कुणाची तिरकी, कुणाची गोल, सोनाजीची तर वाळूत बोट फिरवल्यासारखी. रेघ मात्र अकराही ठिकाणी एकाच माणसाची होती. तोच दाब, डाव्या टोकाजवळ तोच किंचितसा उतार.

बोटभर अंतरात आठ लाटा.

खाली गिरणी सुरू झाली. आजवर त्या आवाजाचा त्याला त्रास व्हायचा. आज बरं वाटलं.

४

हैदर मास्तरांचं घर कळमनुरीला होतं. रविवारी मुंजाजी तिकडे गेला. मास्तर त्रेसष्ट साली वारले होते. घरात त्यांच्या पत्नी रहिमाबी आणि मुलगी बिलकीस. खोली लहान, शेणाने सारवलेली, भिंतीत एक कोनाडा, त्यात पुस्तकं. त्याला चहा मिळाला. मास्तरांचा हजेरीपट रहिमाबींनी कापडात बांधून ठेवला होता. तो सोडताना त्यांनी आधी हात धुतले.

चौतीस नावं, मास्तरांच्या हातची. मुंजाजीने खिशातलं भिंग काढलं. ठाम दाब, डाव्या टोकाजवळ उतार, रेघ उजवीकडून. लाट मात्र कुठेच नव्हती. त्याला हायसं वाटलं. शिकवणाऱ्याची सवय शिकणाऱ्यांच्या हातात उतरते, एवढंच हे आहे. कंप म्हणजे वस्तीतल्या पाण्यातला, अन्नातला काही दोष असेल. एखाद्या डॉक्टरला विचारता येईल.

निघता निघता केवळ नोंद पुरी करायची म्हणून त्याने विचारलं, मास्तरांचा हात शेवटच्या आजारात कापायचा का?

"न्हाई बेटा," रहिमाबी म्हणाल्या. "आखरीपर्यंत हात मजबूत. सासऱ्यांचा कापायचा. साठी झाली अन् सुरू झालं. चहाची कपबशी दोनी हातानं धरायचे. जेठांचं बी तसंच. खानदानी तकलीफ हाय ती. हे तर उमरीच्या बावन्नाव्या वर्षीच गेले. तेवढी उमर झालीच कुठं त्यांची."

मुंजाजीने मनात बेरीज केली. मग ती पुन्हा केली. मास्तर असते तर बहात्तर साली एकसष्ट वर्षांचे. आज त्रेसष्ट.

रहिमाबी हजेरीपट पुन्हा कापडात बांधत होत्या. गाठ मारताना त्यांनी मान वर केली नाही.

"काहून पुसतो?" त्या हळूच म्हणाल्या. "आता कापून राहिला का?"

मुंजाजीने भिंग खिशात ठेवलं. बिलकीसने रिकामा कप उचलला.

"कापत असंल तर लई थकले असतील," रहिमाबी म्हणाल्या.

५

मंगळवारी दुपारी तो वस्तीवर गेला. आता त्याला कागद बघायचा नव्हता, हात बघायचा होता. तो स्वतःला समजावत होता की शास्त्रात बघण्याला भ्यायचं नसतं; जे डोळ्यांनी दिसतं ते मांडायचं, जे दिसत नाही ते सोडायचं. ओढ्याला पाणी थोडंच होतं. ते ओलांडताना त्याची नजर नकळत तळाशी गेली. तिथे गोटेच होते.

भागूबाई शेतातल्या घरात एकटीच होती. दार उघडं, उन्हाचा पट्टा थेट चुलीपर्यंत गेलेला. तिने त्याला भाकरी खायला लावली, वर म्हणाली, कलकत्त्याला काय खात होतास, नुसते मासे? अंगावर मूठभर मांस न्हाई. मग त्याने चिठ्ठी काढल्यावर कपाळाला हात लावला. "अजून न्हाई झालं का रे तुजं? दहाच्या दहा सह्या इटल्या का काय?"

ती पाटावर कागद ठेवून लिहू लागली. मुंजाजी तिच्या उजवीकडे, हातभर अंतरावर उकिडवा बसला. बाहेर ज्वारीत पाखरं होती. वाकड्या बोटांनी अक्षरं काढताना ती श्वास रोखत होती. भा. गू. मधे थांबली, बोटं झटकली. बा. ई. मग पेन उजव्या टोकाला टेकवलं आणि दाराबाहेर बघत राहिली.

तिच्या हाताच्या मागच्या बाजूची कातडी पातळ होती, शिरा वर आलेल्या. त्या कातडीवर चार ठिकाणी खळ्या पडल्या. कणीक मळताना बोट टेकवलं की पडते तशा. मधे पांढऱ्या, कडेला लालसर. चारही एका ओळीत, बोटांच्या अंतराने. शिरा दबल्या. मग हात निघाला, उजवीकडून डावीकडे, आणि खळ्या त्याच्याबरोबर निघाल्या. त्या बारीक थरथरत होत्या.

रेघ संपली. कातडी हळूहळू वर आली.

घरात कसलाच आवाज नव्हता. पाखरंही गप्प झाली होती, की त्यालाच ऐकू येत नव्हतं. भागूबाईने डाव्या हाताने उजव्या हाताची पाठ चोळली, थंडीतून आलेल्या पाव्हण्याचा हात चोळावा तशी.

"झालं?" तिने विचारलं. "का आनिक एक?"

झालं, तो म्हणाला.

६

अहवाल लिहायला त्याला दोन दिवस लागले. परत येताना बसमध्ये त्याने सगळ्या शंका स्वतःच उभ्या केल्या होत्या. सांध्यांवरची सूज. ऊन. रहिमाबींच्या बोलण्याने मनाने घेतलेली भीती. सेनबाबू म्हणायचे, तज्ज्ञाला दिसायला हवं तेच दिसू लागलं की त्याने भिंग खाली ठेवावं. पण आपल्याला हे दिसायला हवं होतं का? तो गाव सोडून गेला तो भूत, भानामती, अंगात येणं या सगळ्यांशी भांडून. परत आला तो हातात भिंग घेऊन. आणि आता याच भिंगाने त्याला हे दाखवलं होतं.

सगळं लिहिलं तर कोर्ट अहवाल फेकून देईल आणि भागूबाईचं शेत जाईल. काही लपवलं तर आपण खोटे. दोन्ही बाजूंनी तो अडकला. शेवटी त्याने प्रश्न काय विचारला आहे ते पुन्हा वाचलं. वादातली सही भागूबाईच्या हातची आहे का? एवढाच प्रश्न होता. याचं उत्तर त्याला पूर्ण खात्रीने माहीत होतं. त्याने रेघेची दिशा लिहिली, तंतू लिहिले, थांबलेल्या निबाचे ठिपके लिहिले, अकरा जणांचा रिवाज लिहिला. लाटांबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

लिहिताना त्याला एका माणसाबद्दल फार माया वाटत होती, ज्याला त्याने कधी पाहिलं नव्हतं. आणि दक्षिणेकडची बंद खिडकी आपल्या पाठीशी आहे, हेही क्षणभर विसरता येत नव्हतं.

७

सुनावणी सकाळी अकराची. मुंजाजीची साक्ष अर्धा तास चालली. समोरच्या वकिलांनी त्याला विचारलं की आपण एवढे लांब जाऊन रेघ कुठून निघते एवढंच शिकून आलात का. तो हो म्हणाला. न्यायाधीशांनी स्वतः भिंग घेऊन संमतीलेखावरची रेघ पाहिली, मग शेजारी ठेवलेल्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि मान हलवली.

मग शेषराव पिंजऱ्यात आला. चाळिशीचा, धट्टाकट्टा माणूस. तोही मास्तरांचाच विद्यार्थी. हजेरीपटात त्याचं नाव तेविसावं होतं. स्वतःचं वळण ओळखू येईल म्हणून त्याने सही दुसऱ्याच कुणाकडून, वस्तीबाहेरच्या माणसाकडून करून घेतली असणार, एवढा अंदाज वसरामभाऊंनी बांधला होता. शेषराव कबूल होईना. वहिनीनेच सही केली, माझ्यासमोर केली, तो शपथेवर म्हणाला. जबाब लिहून झाला आणि सहीसाठी पुढे ठेवला गेला.

मुंजाजी रेलिंगला लागून उभा होता. शेषरावने झरझर अक्षरं लिहिली. पेन उचललं, उजव्या टोकाला टेकवलं. आणि तसाच राहिला.

हात पुढे जाईना. त्याने जोर केला तसा निब कागदात रुतला. त्याने पेन झटकलं, पुन्हा टेकवलं. मनगटाकडे पाहिलं. बाजारात बरोबरीचं माणूस मागे राहिलं म्हणजे वळून बघावं तसं त्याने आपल्या उजव्या खांद्यामागे पाहिलं. तिथे भिंत होती. कागदावर त्याच्या नावाची अक्षरं वरून काही न धरलेली, सुटी सुटी लोंबत होती.

"शाईचा डबा हाय का?" तो कारकुनाला म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "अंगठा लावतो."

बाकावर बसलेली वस्तीतली माणसं एकदम पुढे झुकली. कारकुनाने खण उघडला. तेवढ्यात मुंजाजीच्या शेजारी उभ्या असलेल्या भागूबाईने पदर तोंडावर घेतला आणि इतक्या हळू बोलली की त्याच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसेल.

"असं नका करू, मास्तर. त्ये बी तुमचंच लेकरू हाय."

शेषरावचा हात हलला. तो स्वतः पेनाकडे बघतही नव्हता, कारकुनाकडे बघत होता. हात उजवीकडून निघाला, फार सावकाश, फार थरथरत, आणि अक्षरांवरून डावीकडे गेला. लाटा आता नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. शेषरावने खाली पाहिलं. पेन त्याच्या बोटांतून सुटून घरंगळलं, तरी मूठ तशीच अर्धी मिटलेली, पुढे धरलेली राहिली.

मग तो पिंजऱ्यातच मटकन बसला आणि रडायला लागला. न्यायाधीशांनी पाणी मागवलं. कागद मी करवून घेतला, तो म्हणाला. वहिनीची काही चूक न्हाई. हे तो भागूबाईला सांगत नव्हता, न्यायाधीशांनाही सांगत नव्हता. उजव्या हाताकडे तोंड करून सांगत होता.

८

साडेतीनची बस होती. शेत राहिलं, घर राहिलं. वसरामभाऊ सगळ्यांना चहा पाजत होते आणि पाईकरावांनी एकदाही भाषण केलं नाही म्हणून देवाचे, बुद्धाचे, आपल्या तांड्याच्या सेवालाल महाराजांचे, सगळ्यांचे आभार मानत होते. मुंजाजीला हसू येत होतं.

बस लागली तशी भागूबाई त्याच्यापाशी आली. तिच्या डाव्या हातात पिशवी होती, काखेत चुलीसाठी विकत घेतलेली फुंकणी. तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "तुज्या मायनं तुला लांब धाडलं, ते आमच्यासाठीच धाडलं बग, लेकरा." आणि तिने उजवा हात पुढे करून त्याचा उजवा हात धरला.

तिचा हात गरम, गाठाळ, वाकड्या बोटांचा होता. त्याला उत्तर द्यायचं होतं. मास्तरांबद्दल काही म्हणायचं होतं. आपण त्यांना कधी पाहिलं नाही, तरी आपलं सगळं शिक्षण त्यांच्याच पायाशी येऊन थांबलं, असं काहीतरी. तेवढ्यात कंडक्टरने घंटी वाजवली. ती लगबगीने चढली, खिडकीशी बसली, फुंकणी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात बाहेर काढून त्याला नमस्कार केला.

बस कळमनुरीच्या नाक्यावरून वळून पुसेगावच्या रस्त्याला लागली. धुरळा खाली बसला. वसरामभाऊ पलीकडे चहावाल्याशी हुज्जत घालत होते. मुंजाजी स्टँडच्या उन्हात एकटाच उभा होता, आणि त्याचा उजवा हात अजून कुणीतरी धरलेला होता.

हात मोठा होता, कोरडा, बोटांना खडूसारखा खरखरीतपणा. तो बारीक, एकसारखा थरथरत होता.

मुंजाजीने खाली पाहिलं नाही. हात सोडवूनही घेतला नाही. उलट त्याने आपली बोटं हळूच मिटली, थकलेल्या माणसाला आधार द्यावा तशी, आणि ती थरथर थांबेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.